हबीबभाईंचे तेहतीस चिंचोके

दारव्ह्याचे हबीबभाई बागवान कुणाला शिवी देत नसत, मापात मारत नसत आणि जुम्म्याची नमाज चुकवत नसत. म्हणजे माणूस म्हणून नावं ठेवायला जागा नव्हती. तरीही तालुक्यातल्या निम्म्या बागायतदारांना ते दुरून येताना दिसले की घाम फुटायचा. कारण नावं ठेवण्याचं सगळं काम हबीबभाईंनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

ते फळबागा उभ्याच्या उभ्या घ्यायचे. फळ झाडावर असतानाच सौदा करायचा, मग तोड, मग करंड्या भरून माल यवतमाळला नाहीतर नागपूरला धाडायचा, असा बापापासून चालत आलेला धंदा. बागेत शिरले की हात पाठीमागे बांधायचे, मयताला आल्यासारखा चेहरा करायचा आणि एकेका झाडापुढे उभं राहून मान हलवायची. मालक मागे मागे. मग जीभ सुटायची.

"बाबाराव, ही बाग लावली का बाभूळबन? साल पाहा संत्र्याची, जोड्याले टाच माराच्या कामाची हाये. रस पिळला तं थेंब निंघत नाही, अन् बिया मोजाले बसलं तं दुपार होते. तुमचं मन मोडू नाही म्हनून आत आलो, नाही तं रस्त्यावरूनच वापस गेलो असतो."

बाबारावांची बाग तालुक्यात नावाजलेली. पण अर्धा तास हे ऐकल्यावर बाबारावांनाही वाटायला लागायचं की आपण लोकांच्या तोंडाला पानं पुसतोय. ते पार खाली आले की हबीबभाई झाडाखाली बसायचे, खांद्यावरचा रुमाल दोघांच्या हातांवर पसरायचे आणि रुमालाखाली मालकाची बोटं दाबून भाव सांगायचे. मालक कसनुसा होऊन मान डोलवायचा. सौदा झाला.

आता कुणी म्हणेल की ही लबाडी झाली. झाली तर झाली. घेणारा माल वाखाणायला लागला की विकणारा भाव चढवतो, हे शेंबड्या पोराला कळतं. हबीबभाईंच्या वालिदांनी मुलाला दुसरं काही शिकवलं नव्हतं. "जे पाहिजे त्याले नाव ठेव," एवढीच ती शिकवण, आणि मुलानं ती इतकी मनावर घेतली की चांगलं बोलायची सवयच जिभेची सुटली. मुलगी रौशन हिच्यासाठी यवतमाळचं स्थळ आलं तेव्हा हबीबभाईंनी होणाऱ्या जावयाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पाहुण्यांच्या देखत सांगितलं की खांदे पडलेले हायेत, आवाज बसका हाये, कान जरा जास्तच बाहेर आले हायेत, अन् चालताना डावा पाय फेकते. पाहुणे चपला शोधायला लागले. तेवढ्यात पडद्याआडून हुस्नाबी म्हणाली, "बसा ना जी. पसंत हाये त्याईले."

लग्न झालं आणि सुखाचं झालं. हुस्नाबीला नवरा कळला होता, पण ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं आणि नवऱ्याला तर नाहीच नाही.

एकोणीसशे सत्तावन्न साली हबीबभाईंनी अडाण नदीच्या वाटेवर तीन एकर जमीन घेतली. काळी, निचऱ्याची, विहिरीला बारमाही पाणी. आयुष्यभर दुसऱ्याच्या बागा पाहिल्या, आता आपली लावू, असं त्यांच्या मनात होतं. खरं तर ते मनात भरवलं होतं हुस्नाबीनं. एके दुपारी ती अर्धा सडलेला जांब, म्हणजे पेरू, चाकूनं कापत बसली होती. चांगलं तेवढं ताटलीत, डागी तेवढं शेळीला. बागवानाच्या घरी फळांना तोटा नसतो, पण घरात येतं ते विकून न गेलेलं. टेचलेलं, चोच लागलेलं, एका बाजूनं मऊ पडलेलं.

"रौशनचे अब्बा," ती चाकू पुसत म्हणाली, "तीस वरसं झाली मले या घरात. चाकू न लावता एकबी फळ खाल्लं नाही मी. आपल्या झाडाचं एक अख्खं फळ मले हातानं सोलून खायाचं हाये. दात हायेत तोवर."

हबीबभाईंनी तिच्या दातांकडे पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, "दात तं आताच हालून राह्यले तुहे." पण ही गोष्ट त्यांना लागली. त्या रात्री जेवणात मीठ कमी होतं तरी ते बोलले नाहीत.

जमीन झाली, विहीर झाली, खड्डे खणून झाले. आता राहिलं एवढंच की झाड कोणतं लावायचं. आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.

फळझाड म्हणजे ज्वारी नव्हे, की यंदा फसली तर पुढच्या वर्षी दुसरं बी. एकदा लावलं की पाच वर्षं वाट पाहायची आणि पुढची पंचवीस वर्षं जे लावलं ते भोगायचं. हे हबीबभाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? चुकीची जात लावून डोक्याला हात लावून बसलेले किती तरी मालक त्यांनी पाहिले होते. म्हणून ते निवड करायला निघाले ते अगदी जोडे झिजेपर्यंत.

अलाहाबादी जांब पाहिला. म्हणाले, बाजारात नेईपर्यंत मऊ पडते. दिग्रसकडची मोसंबी पाहिली. साल जाड, रंग फिका, गिऱ्हाइकाले लिंबू वाटते. कागदी लिंबाच्या बागेत गेले आणि काट्यांनी सदरा फाडून घेऊन आले. मेहरूणच्या बोराचं कलम कुणीतरी मुद्दाम आणून दिलं, तर बोर खायाले कोन पैसे देईन, रानात फुकट लागतात, म्हणून परत केलं. वरूडकडे जाऊन संत्र्याच्या नावाजलेल्या बागा पाहून आले. आठ दिवसांनी आले आणि आठ दोष घेऊन आले. पहिला पावसाळा असा गेला. खड्ड्यांत पाणी साचलं आणि तीन एकरांत नुसती बेडकांची बाग लागली. लोक विचारायचे, "हबीबभाई, कोन्त्या जातीचे बेडूक हायेत?"

दुसरा पावसाळाही तसाच गेला. त्यात बिचाऱ्या माणसाचा दोष एवढाच की त्याला फळ दाखवलं की दोषच दिसायचे. दुसऱ्यासाठी माल घेताना हे चालतं. स्वतःसाठी एक झाड निवडायचं तर कुठंतरी नावं ठेवणं थांबवावं लागतं, आणि ते कुठं थांबवायचं हे वालिदांनी शिकवलं नव्हतं.

भीमराज हा शेजारच्या गावचा माणूस. कलमं बांधण्यात त्याचा हात तालुक्यात कुणी धरत नसे. आधी जंबेरीची, म्हणजे रानलिंबाची, रोपं वाढवायची, ती खुंटाला. ती पेन्सिलीएवढी जाड झाली की ज्या जातीचं फळ हवं त्या झाडाच्या काडीवरला डोळा काढून जंबेरीच्या सालीत बसवायचा आणि केळीच्या सालपटानं बांधायचा. मूळ जंबेरीचं, फळ आपल्या पसंतीचं. भीमराजनं हबीबभाईंसाठी विहिरीजवळ जंबेरीचा वाफा लावला, आणि डोळे कुठले बांधायचे हे ठरेना म्हणून पहिल्या वर्षीची रोपं मनगटाएवढी जाड झाली. ती त्यानं उपटून काटेरी कुंपणाला लावली. दुसरा वाफा आता तयार होता, आणि एकोणीसशे साठ सालचा पौष अर्धा सरला होता.

"हबीबभाई," भीमराज वाफ्याच्या कडेला उकिडवा बसून म्हणाला, "थंडी सरली का साल सुटत नाही. साल सुटली नाही तं डोळा बसत नाही. आठ दिवस उरले. हाबी वाफा कुंपणाले गेला तं तिसऱ्याले मी येत नाही, सांगून ठेवतो."

"घाई करून कसं चालन भीमराज? पंचवीस वर्साचा सवाल हाये."

भीमराजनं कलमाचा चाकू मिटून खिशात ठेवला. तो फार बोलणारा माणूस नव्हता. तीन वर्षांपूर्वी तो बायकापोरांसकट, सगळ्या मोहल्ल्यासकट नागपूरला जाऊन बौद्ध झाला होता. देव्हाऱ्यातले देव त्यानं नदीत सोडले होते आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी नेहमीसारखी कलमं बांधली होती.

"मी माह्या बापजाद्याचा धर्म बदलला," तो म्हणाला. "बहुत इचार केला, पन एका दिवशी ठरवलं अन् गेलो. तुमाले तीन वर्सात एक झाड ठरवता येत नाही काय?"

हबीबभाई तिथून निघाले. ते घरी आले, न जेवता ओट्यावर बसले आणि पहिल्यांदाच त्यांना भीती वाटली, खरीखुरी. त्रेपन्न वर्षांचं वय. यंदा चुकलं तर पुढच्या वर्षी भीमराज नाही. झाडं लागतील तेव्हा आपण असू का, आणि हुस्नाबीचे दात असतील का?

हुस्नाबीनं हे पाहिलं. आतून चिंचोक्यांचा डबा घेऊन ती त्यांच्यासमोर येऊन बसली. भाजून खायला म्हणून वर्षाच्या चिंचेतले चिंचोके ती साठवून ठेवायची.

"सांगा मले एकेक," ती म्हणाली. "जांबाचं काय वाईट?"

"मऊ पडते. वास सुटते. अन् बिया दातात अडकतात."

हुस्नाबीनं तीन चिंचोके जमिनीवर मांडले. मोसंबीचे पाच झाले. लिंबाचे चार. बोराला दोनच, आणि तेही हबीबभाईंनी जांभई देत देत सांगितले. वरूडच्या संत्र्याचे आठ. अशी एकेक लहानशी ढिगली ओट्यावर मांडून झाल्यावर हुस्नाबी जराशी थांबली. मग डब्यात पाहत, सहज विचारल्यासारखं म्हणाली, "अन् फुलचंद शेटजीच्या विहिरीकाठचं संत्र?"

फुलचंद शेटजींची बाग गावापासून दोन कोसांवर होती, आणि त्यांच्या विहिरीला लागून एक जुनं संत्र्याचं झाड होतं. हबीबभाई अठरा वर्षं ती बाग घेत होते. त्या झाडाचं नाव निघाल्याबरोबर ते ताठ बसले.

"त्याचं नाव नको काढू माह्यापुढं. थे काय झाड हाये? आडवं वाढलेलं, अर्धं विहिरीवर झुकलेलं, तोडाले गेलं तं मानूस पान्यात पडन. फळ इतकं भारी का फांदी मोडते. साल अशी का बोट लावलं का सुटते, असं सैल सालीचं संत्र पाह्यलं काय कुठी? रस एवढा का सदरा खराब होते. रंग असा भडक का दुसऱ्या करंड्या त्याच्यापुढं मेल्यासारक्या दिसतात, माहा बाकीचा माल मार खाते त्याच्यापाई. वास तं असा सुटते का मोटारवाला रस्त्यात चोरून खाते..."

हुस्नाबी चिंचोके मांडत गेली. हबीबभाई बोलत गेले. मोटारवाल्यापाशी त्यांना थोडा दम लागला, पाणी प्यायले, आणि पुन्हा झाडाच्या पानांपासून सुरुवात केली. डबा तळाला लागला तेव्हा ते थांबले. तेहतीस झाले होते.

हुस्नाबीनं त्या पाच ढिगल्यांकडे आणि नंतर या एका ढिगाकडे बोट दाखवलं. हबीबभाई पाहत राहिले. त्यांना जावयाचे कान आठवले. बाबारावांची बाग आठवली, तिला अर्धा तास लागायचा. ज्या बागा घ्यायच्याच नसत त्यांच्यात ते पाच मिनिटांत काम उरकून निघत. तीस वर्षांत आपल्याला जे जे मनापासून हवंसं वाटलं त्याला किती नावं ठेवली, याचा हिशेब त्यांच्या बायकोनं ठेवला होता.

"कवापासून माहीत हाये तुले हे?" त्यांनी विचारलं.

"लग्न होऊन चार दिवस झालते तवापासून. माह्या नाकाले काय काय म्हनलं होतं, आठवा."

तिनं तेहतीस चिंचोके त्यांच्या खांद्यावरच्या रुमालात बांधले. "राहू द्या जवळ. सकाळी उठून बदलसान."

दुसऱ्या दिवशी पहाटेच भीमराजला घेऊन हबीबभाई शेटजींच्या बागेकडे निघाले. काड्या तेवढ्या मागायच्या होत्या, शेटजी नाही म्हणायचं कारण नव्हतं. पण बागेच्या फाटकातून आत पाहिलं आणि हबीबभाईंचे पाय जागच्या जागी थांबले. विहिरीकाठच्या झाडाची एक मोठी वाळकी फांदी तुटून जमिनीवर पडली होती. नेमसिंग नावाचा शेटजींचा गडी कुऱ्हाडीला थुंकी लावत उभा होता. बाजूला खाटेवर फुलचंद शेटजी चहा घेत होते.

"या हबीबमिया," शेटजी खूश होऊन म्हणाले. "तुमचीच आठवण काढली. काढून टाकतो हे झाड. अठरा वर्षं तुम्ही सांगताय की या झाडापायी सगळ्या बागेची अब्रू जाते. मी आडमुठा, ऐकलं नाही. या साली म्हटलं, जाणता माणूस दर वर्षी एकच गोष्ट सांगतो तर काहीतरी असेल त्यात. लाकूड पण बरं निघेल."

दुसऱ्याच्या झाडाला ठेवलेलं नाव आपल्यावर असं उलटेल हे हबीबभाईंच्या वालिदांनाही सुचलं नव्हतं. नेमसिंगनं कुऱ्हाड उचलली. हबीबभाई धावले आणि झाड आणि कुऱ्हाड यांच्या मध्ये उभे राहिले.

"थांब थांब. शेटजी, झाड चांगलं हाये."

शेटजींनी चहाची बशी खाली ठेवली. नेमसिंगनं कुऱ्हाड खाली ठेवली. अठरा वर्षांत हबीबभाईंच्या तोंडून कुठल्याही झाडासाठी 'चांगलं' हा शब्द त्या बागेत कुणी ऐकला नव्हता.

"काय म्हणालात?"

"चांगलं हाये. लय चांगलं हाये."

शेटजींचे डोळे बारीक झाले. ते व्यापारी माणूस. हबीब चांगलं म्हणतो म्हणजे यात काहीतरी आहे, आणि ते झाडात नसेल तर झाडाखाली असेल. "नेमसिंग," ते हळूच म्हणाले, "कुऱ्हाड राहू दे. कुदळ आण. बुडाशी खण जरा."

"कायले खनता शेटजी?" हबीबभाई ओरडले.

"तुम्हीच सांगा कायले. पहाटे पहाटे कलम बांधणारा माणूस घेऊन येता, झाडाला मिठी मारता. माझ्या आजोबांनी या विहिरीजवळ काहीतरी पुरलंय असं घरात बोललं जायचं. तुम्हाला कुठून कळलं?"

भीमराजनं कपाळाला हात लावला. नेमसिंगनं पहिला घाव घातला आणि एक बारीक मूळ तुटून वर आलं. बाजूच्या बागेतून बाबाराव काय चाललंय ते पाहायला कुंपणाशी आले होते, ते आता आतच आले. त्यांच्या मागे आणखी चार बागायतदार. गुप्तधनाची बातमी वाऱ्याआधी पोचते.

हबीबभाई झाडाकडे पाहत होते. कुदळीनं अजून एक मूळ उघडं पडलं. मुळं गेली तर झाड जाणार, झाड गेलं तर डोळे जाणार, आणि पाच वर्षांनी हुस्नाबी चाकू घेऊनच बसणार. आजूबाजूला उभे होते ते सगळे त्यांचे मालक, ज्यांच्या बागा ते दर साल नावं ठेवून घेत. खरं सांगितलं तर बापाचा धंदा एका सकाळी बुडणार. त्यांनी झाडाची स्तुती करून पाहावी म्हणून तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "साल अशी सैल हाये का..." आणि शेटजींनी नेमसिंगला खूण केली, खण.

मग हबीबभाईंनी खांद्यावरचा रुमाल काढला. तोच, ज्याच्याखाली या सगळ्यांची बोटं दाबली होती. तो खाटेवर सोडला आणि गाठ उकलली. चिंचोके खाटेच्या सुंभावर पसरले.

"शेटजी, मोजा हे," ते म्हणाले. "तेहतीस हायेत. या झाडाले काल रातच्याला मी तेहतीस नावं ठेवली. वरूडच्या बागेले आठ ठेवली होती. मले जे आवडते त्याले मी जास्त नावं ठेवतो. जितकी जास्त नावं तितकं जास्त पाहिजे असते. हे माह्या बापानं शिकवलं अन् मी तुमच्या सगळ्याईसंगं असंच करत आलो. तुमच्या झाडाची करंडी मी वर ठेवून नागपूरले पहिल्या नंबरनं विकतो. अठरा वरसं विकून राह्यलो. पन त्यातलं एक संत्र मी घरी नेलं नाही, विकाचा माल घरी न्याचा नसते म्हनून. माह्या घरवालीनं तीस वर्सात चाकू न लावता फळ खाल्लं नाही शेटजी. मले या झाडाचे डोळे पाहिजेत. खाली काही नाही गडलेलं."

नेमसिंगनं कुदळ बाजूला ठेवली आणि पायानं माती परत मुळांवर लोटली. मग शेटजींनी खरोखरच चिंचोके मोजले, आणि तेहतीस भरले.

"हबीबमिया," शेवटी ते म्हणाले, "अठरा वर्षं मला वाटत होतं की माझी बाग भिकार आहे. घरात बोलून दाखवायची लाज वाटायची मला."

"माफ करा शेटजी."

"काड्या घेऊन जा. पाहिजे तेवढ्या न्या. पण पुढच्या साली बागेत आलात की मी चिंचोके घेऊन बसेन."

बाबाराव मागून पुढे आले. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्यांच्या बागेला हबीबभाईंनी बाभूळबन म्हटलं होतं ते एक धरायचं की दोन.

भीमराजनं सात दिवसांत तीनशे डोळे बांधले. एक-दोन सोडता सगळे फुटले. पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात, एकसष्ट साली, बेडकांना घराबाहेर काढून खड्ड्यांत झाडं लागली.

धंद्याचं काय झालं ते सांगायला हवं, कारण ते दारव्ह्यात अजूनही सांगतात. तालुक्यात बातमी पसरली आणि हबीबभाई बागेत शिरले की मालक खिशातून मूठभर चिंचोके काढून खाटेवर मांडून बसायला लागले. हबीबभाई साल जाड म्हणाले की मालकाचा चेहरा खुलायचा. बिया जास्त म्हणाले की तो चहा सांगायचा. आणि एखाद्या दिवशी हबीबभाईंनी घसा बसला म्हणून दोनच नावं ठेवली, तर मालकाची बायको आत जाऊन रडायची की आपल्या बागेला आता काही राहिलं नाही. भाव वाढले. हबीबभाईंना पहिल्यासारखं सुटत नव्हतं, पण पुरत होतं. आणि एक गंमत झाली, की नावं ठेवणं फुकट गेल्यावर ते माणसांशी थोडं सरळ बोलायला शिकले. रौशनच्या नवऱ्याला एकदा त्यांनी "बरा हाये तू" म्हटलं, तर तो घाबरून सासूकडे गेला की माझं काय चुकलं.

सहासष्ट सालच्या थंडीत झाडांचा पहिला बहर तोडणीला आला. हबीबभाई आठवडाभर तोडणी करू देईनात. त्यांचा पुतण्या कय्युम बाग मागायला आला, नव्या पद्धतीचा बागवान, आल्या आल्या म्हणाला, "चाचा, काय बाग हाये, वा!" हबीबभाईंनी त्याला हाकलून दिलं, की तुले घ्यायचंच नाही दिसते.

पहिली तोड झाली ती एका फळाची. हबीबभाईंनी स्वतः निवडलं. देठ राखून, पान एक ठेवून, रुमालात गुंडाळून घरी आणलं. हुस्नाबी ओट्यावर बसली होती. समोरचे दोन दात एवढ्या वर्षांत पडले होते, पण बाकीचे शाबूत होते. तिनं फळ हातात घेतलं, उलटंपालटं केलं, कुठं डाग आहे का पाहिलं. सवयीनं चाकूकडे हात गेला आणि तिनं तो मागे घेतला.

सालीला अंगठा लावला तर साल आपोआप सुटली. फोड तोंडात टाकली. हबीबभाई उभेच होते. आयुष्यात पहिल्यांदा ते मालकाच्या जागी उभे होते, आणि मालकाला किती धडधडतं हे त्यांना तेव्हा कळलं.

"काय म्हंते?" त्यांनी विचारलं.

हुस्नाबीनं दुसरी फोड तोंडात टाकली. रस हनुवटीवर आला तो पदरानं पुसला.

"साल सैल हाये," ती म्हणाली. "हात चिकट झाले माहे. रस इतका का पदर खराब झाला. बिया हायेत. अन् हे एवढं मोठं फळ एका मानसानं कसं संपवाचं?"

ती खात राहिली आणि सांगत राहिली. हबीबभाई हळूच आत गेले, चिंचोक्यांचा डबा घेऊन आले आणि तिच्यासमोर बसून एकेक मांडू लागले. तिचं संत्रं संपलं तेव्हा चौतीस झाले होते.